दोन ब्राउनिंग आणि आवडीची पळवाट

साहित्याच्या वर्गात, चर्चासत्रांत आणि अलीकडे छापील परीक्षणांतही एक वाक्य फार ऐकू येते: ‘शेवटी ही ज्याची त्याची आवड.’ हे वाक्य उच्चारले की समोरचा गप्प होतो, अध्यक्ष घड्याळ पाहतात आणि चहाची वेळ होते. बोलणाऱ्याच्या पदरी उदारमतवादी असल्याचे श्रेयही पडते. आमच्या मते हे वाक्य आळसाचे आहे, आणि काही प्रसंगी आळसाहून वाईट अशा एका गोष्टीचे. हे म्हणणे पटवण्यासाठी एखादी कादंबरी हाताशी घेतली तर वाद लगेच जुन्या चिखलात रुतेल. गट पडतील, कोण कोणाचा विद्यार्थी हे काढले जाईल. म्हणून आम्ही साहित्याबाहेरचे आणि बहुतेक साहित्यिकांना नकोसे वाटणारे उदाहरण मुद्दाम घेत आहोत. अमेरिकी लष्कराने १९११ साली स्वीकारलेले आणि त्या सालाच्याच नावाने ओळखले जाणारे कोल्ट पिस्तूल, आणि ते आपल्या आवडीप्रमाणे निवडून, बदलून, घडवून घेणारा तिकडचा शौकीन, हा आमचा विषय आहे.

पिस्तुलात कसली आली आहे अभिरुची, असे कोणी नाक मुरडून विचारील. त्याने कान्टचा १७९० चा ‘निर्णयशक्तीची मीमांसा’ हा ग्रंथ पुन्हा उघडावा. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’पासून (१९७४) कान्ट मराठी अभ्यासकाला परका राहिलेला नाही, पण आपण वर्गात शिकवतो तो अर्धाच. निर्हेतुक आनंद, संकल्पनेवाचूनचे सौंदर्य, फूल आणि वेलबुट्टी, इथवर आपण येतो आणि थांबतो. सोळाव्या परिच्छेदात कान्ट दुसऱ्या जातीच्या सौंदर्याकडे वळतो. ज्या वस्तूचे सौंदर्य ती कशासाठी आहे या कल्पनेला बांधलेले असते, अशा वस्तूंचे हे परायत्त सौंदर्य. इमारतींची उदाहरणे देताना तो चर्च, राजवाडा आणि उद्यानगृह यांच्या पंक्तीला शस्त्रागारही बसवतो. त्याच ठिकाणी तो म्हणतो की एखाद्या आकृतीवर नाना वळणांची सुंदर नक्षी काढता आली असती, फक्त ती आकृती माणसाची नसती तर. म्हणजे नक्षीला परवानगी आहे की नाही, हे ती नक्षी कशावर आहे यावर ठरते. आमचा सगळा वाद या अर्ध्या पानावर उभा आहे.

आता वस्तू पाहू. जॉन मोझेस ब्राउनिंग हा १८५५ साली युटातील ऑग्डेन येथे बंदूककाराच्या घरी जन्मलेला माणूस. १९२६ साली बेल्जियममध्ये लीएजजवळच्या शस्त्रकारखान्यात, काम चालू असतानाच तो वारला. त्याने रचलेले हे पिस्तूल अमेरिकी लष्कराने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले आणि १९८५ पर्यंत ते तिथले प्रमाण पिस्तूल राहिले. अंतिम चाचणीत सहा हजार गोळ्या झाडूनही ते एकदाही अडले नाही, असे त्याच्या इतिहासात नोंदले आहे. मॅगझिनमध्ये सात गोळ्या, गोळीचा व्यास .४५ इंच. एका साध्या पिनेवर झुलणारा दुवा नळी खाली ओढतो, वरचा भाग मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि नवे आत येते. हत्यारांशिवाय, हाताने सुटे होणारे हे यंत्र आजही पाहणाऱ्याला त्याच्या काटकसरीने चकित करते. चांगले गद्य वाचताना होणाऱ्या आनंदाशी या आनंदाचे नाते आहे, हे मान्य करायला आम्हाला संकोच वाटत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या अनुभवानंतर, १९२०च्या दशकात लष्कराने त्यात काही फेरफार केले. मुठीची मागची पट्टी सपाट होती, ती फुगीर केली, कारण सपाट पट्टीमुळे अनेकांचा नेम खाली जात असे. चाप आखूड केला आणि त्याच्या मागे चौकटीला दोन्ही बाजूंनी खोलगट काप दिले, कारण लहान पंजाच्या सैनिकाचे बोट पोहोचत नव्हते. मुठीच्या वरची शेपटी लांबवली, कारण मागे येणारा हॅमर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या कातडीला चावत असे. अक्रोडाच्या लाकडी मुठीवर स्क्रूभोवती सोडलेला हिऱ्याचा आकार काढून टाकला आणि सरसकट चौकडी कोरली. म्हणजे प्रत्येक बदलामागे कोणाचा तरी हात होता, आणि तो हात दुखत होता.

पुढे निवृत्त झालेली ही पिस्तुले नागरिकांच्या हाती स्वस्तात आली आणि कारागिरांची एक परंपराच उभी राहिली. आज एखादा शौकीन आपले पिस्तूल घडवून घेतो तेव्हा त्याच्यासमोर जे प्रश्न येतात ते या जुन्या प्रश्नांचेच वंशज असतात. मागची पट्टी सपाट की फुगीर? (बहुतेकांनी आता सपाट पसंत केली आहे, शंभर वर्षांत फॅशनचे चाक पूर्ण फिरले.) चाप लांब की आखूड? हॅमर जुन्या पद्धतीचा, शेपटीचा, की गोल भोकाचा? मुठीच्या समोरच्या पट्टीवर चौकडी हवी तर इंचाला वीस रेघा, पंचवीस की तीस? तीस रेघांची चौकडी डोळ्यांना रेशमासारखी दिसते. वीस रेघांची घामेजलेल्या हातातही घट्ट बसते, पण दिवसभर झाडत राहिलात तर तळवा सोलून काढते. मुठीला अक्रोड, शिसव, सांबराचे शिंग की हस्तिदंत? पोलादावर निळसर काळी झिलई, की दुसऱ्या महायुद्धातला तो राखाडी हिरवट, चमक नसलेला लेप? या प्रत्येक प्रश्नावर तिथे रात्र रात्र वाद चालतात.

आणि आमच्या लक्षात आलेली महत्त्वाची गोष्ट अशी की त्या वादांत ‘ज्याची त्याची आवड’ हे वाक्य फार उशिरा येते. आधी कारणे येतात. चाप ओढताना बोटाला जाणवणारी सुरुवातीची घसरण, मग अडणारी भिंत, ती भिंत सुटण्याचा क्षण, सुटल्यानंतरचा फाजील प्रवास, पुन्हा जागेवर येण्याचे अंतर, या प्रत्येकाला तिथे स्वतंत्र शब्द आहे. चांगला चाप काचेची काडी मोडावी तसा सुटावा, असा तिथला संकेत आहे. तो घासून गुळगुळीत झालेला असला तरी बोटावर तपासता येतो. जेफ कूपर (१९२०–२००६) या निवृत्त मरीन अधिकाऱ्याने या पिस्तुलाभोवती एक संपूर्ण शिक्षणपद्धती उभी केली आणि १९७६ साली ॲरिझोनात तिची शाळा काढली. दिसेल अशी नेमखूण, काबूत राहील असा चाप, आणि हाताला कापणार नाहीत अशा गोल केलेल्या कडा, यापलीकडचे बहुतेक सगळे त्याच्या मते चैनीत मोडत होते. त्याच्या राजकारणाशी आमचे काडीचे सख्य नाही. पण त्याला विरोध करणाऱ्यांनाही त्याच्याशी कारणे देऊनच भांडावे लागे.

याच्या शेजारी आपली परीक्षणे ठेवा. ओघवती शैली. मनाला भिडणारे लेखन. वास्तवाचा वेध. अंतर्मुख करणारा अनुभव. जीवनाच्या विविध पैलूंवर प्रकाश. यांतला कोणता शब्द बोटावर तपासता येतो? कुठल्या प्रकरणात निवेदकाची भाषा घसरते, कोणत्या संवादात पात्राच्या तोंडून लेखक बोलू लागतो, शेवट कुठे सुटायला हवा होता आणि फाजील प्रवास किती झाला, हे सांगणारे परीक्षण वर्षाकाठी किती वाचायला मिळते? बंदुकीच्या कारागिराने आपल्या गिऱ्हाईकाला ‘चाप अंतर्मुख करणारा आहे’ असे सांगितले असते, तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेले असते. आपले गिऱ्हाईक जात नाही, कारण ते विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाने बांधलेले आहे.

इथे आमचा अर्धा वाद संपला. अभिरुची ही कारणे देण्याची शिस्त आहे, आणि ती शिस्त आपल्यापेक्षा पिस्तुलांच्या शौकिनांनी अधिक पाळली आहे. साहित्याच्या प्राध्यापकांना हे ऐकायला गोड वाटणार नाही. मात्र शौकिनांनीही लगेच खूश होऊ नये.

कारण त्यांची ही शब्दसंपत्ती एका ठरावीक जागी येऊन एकदम मुकी होते. चाप कसा सुटतो याला पाच शब्द आहेत. सुटल्यावर काय होते याला एकच आहे, आणि तोही झाकणारा: ‘रोधक शक्ती’. मर्ढेकरांची संवाद, विरोध आणि समतोल ही त्रयी घेऊन या पिस्तुलाच्या रूपाचे वर्णन छान करता येईल. वरच्या भागाची सरळ आडवी रेषा आणि मुठीचा तिरपा उतार यांचा विरोध, चापाभोवतीच्या कमानीचा संवाद, पुढच्या जड नळीने साधलेला तोल. वर्णन अचूकही असेल. पण ते पूर्ण झाल्यावर ध्यानात येते की आपण एका वस्तूविषयी सगळे काही बोललो आणि ती काय आहे तेवढे सांगायचे राहिले. रूपवादाच्या विरोधात आजवर जे जे लिहिले गेले ते कवितेच्या संदर्भात कधीकधी अन्यायाचे वाटते. पिस्तुलाच्या संदर्भात त्याला उत्तर नाही.

‘क्लासिक’ या शब्दाचेच पाहा. या पिस्तुलाच्या जाहिरातीत तो हटकून असतो. साहित्यात हा शब्द स्वस्त नाही. सँत-बव्हने १८५० साली आणि एलियटने १९४४ साली ‘क्लासिक म्हणजे काय’ हाच प्रश्न शीर्षकात घेऊन निबंध लिहिले. एलियटने भाषेच्या, मनाच्या आणि संस्कृतीच्या परिपक्वतेची अट घातली आणि ती पुरी करणारा म्हणून व्हर्जिलकडे बोट दाखवले. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून ‘अभिजात’ हा शब्द मिठाईच्या पेटीवर येण्याइतका स्वस्त झाला आहे, तो भाग वेगळा. पिस्तुलाच्या बाजारात ‘क्लासिक’चा अर्थ इतकाच उरला आहे की वस्तू जुनी दिसते आणि तिच्या जुनेपणाविषयी काही विचारायचे नसते. काही उत्पादक तर नवे कोरे पिस्तूल कारखान्यातच घासून, कडांवरचा लेप उडवून, युद्धातून आल्यासारखे करून विकतात. न जगलेले आयुष्य विकत मिळते! आणि हे पाहून हसण्याआधी आपल्या शहरी कादंबऱ्यांत अधूनमधून शिंपडलेली बोली आठवावी. तीही बहुधा कडांवरच घासलेली असते, जिथे वाचकाची नजर आधी जाते.

खरे जुनेपण कसे असते? दुसऱ्या महायुद्धात ही पिस्तुले सर्वाधिक संख्येने बनवली ती रेमिंग्टन रँड या टंकलेखन यंत्रांच्या कंपनीने. मराठी टंकलेखकांच्या कित्येक पिढ्यांच्या बोटांना ‘रेमिंग्टन’ हे नाव कळफलक म्हणून माहीत आहे. शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीने केवळ पाचशे पिस्तुले बनवली. आज संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. ज्या कारखान्यांतून एरवी पत्रे आणि कपडे निघायचे त्यांनी काही वर्षे शस्त्रे काढली आणि मग ते आपापल्या कामाला परत गेले, हा इतिहास कोणत्याही नक्षीपेक्षा बोलका आहे. त्या पिस्तुलांवर तो दिसतोही, पण कंपनीच्या शिक्क्याच्या दोन ओळींत. अक्रोडाच्या मुठीत तो नाही.

आणि त्याच्याही मागे जावे. .४५ हा आकडा कुठून आला? फिलिपाईन्स जिंकताना आणि पुढे तिथल्या दक्षिणेकडच्या मोरो लोकांना दडपताना अमेरिकी सैनिकांच्या .३८ च्या रिव्हॉल्व्हरने माणूस थांबत नाही, अशा तक्रारी आल्या. म्हणून १९०४ साली जॉन थॉम्पसन आणि लुई लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी चाचण्या घेतल्या. शिकागोच्या कत्तलखान्याच्या आवारात जिवंत गुरांवर गोळ्या झाडून ती किती वेळात पडतात हे मोजले. मानवी प्रेते टांगून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि धक्क्याने ती किती हेलकावतात यावरून आघाताचा अंदाज बांधला. निष्कर्ष निघाला की गोळीचा व्यास .४५ इंचाहून कमी नसावा. आज ‘मला बाकी काही नको, पंचेचाळीसच हवे, माझी आवड’ असे जो म्हणतो, त्याच्या आवडीचा उगम त्या आवारात आहे. त्याला ते ठाऊक असो वा नसो. आवड वैयक्तिक आहे म्हणणाऱ्याने निदान एवढे तरी मानावे की ती त्याच्या जन्माआधी, दुसऱ्या कोणाच्या तरी देहावर ठरलेली आहे.

मुठीच्या निवडीचे अभिरुचीशास्त्र पाहायचे तर जनरल पॅटनकडे जावे. त्याच्याजवळ १८७३ च्या नमुन्याचे, .४५ चे, नक्षीदार कोल्ट रिव्हॉल्व्हर होते. त्याची मूठ मोत्याच्या शिंपल्याची आहे असे कोणी लिहिले की तो खवळे. ती हस्तिदंताची होती, आणि शिंपल्याची मूठ ही त्याच्या मते हलक्या लोकांची निवड होती. किती सूक्ष्म भेद! याच शस्त्रानिशी तो १९१६ साली मेक्सिकोतल्या एका चकमकीत उतरला होता, आणि मारलेल्या माणसांच्या हिशेबाने त्याने त्यावर खाचा कोरल्याचे सांगतात. शिंपला की हस्तिदंत या वादात तो चोखंदळ होता. खाचेबद्दल त्याला काही बोलावेसे वाटले नसावे. हस्तिदंतासाठी मेलेला हत्ती तर या हिशेबात कुठेच नाही.

इथे इंग्रजीच्या अध्यापकांना त्यांच्या ब्राउनिंगची आठवण व्हावी. रॉबर्ट ब्राउनिंगची ‘माय लास्ट डचेस’ (१८४२) ही कविता आपल्याकडे न शिकवणारे महाविद्यालय विरळा. फेरारचा तो सरदार आलेल्या पाहुण्याला भिंतीवरचे चित्र दाखवतो, चित्रकाराचे नाव सांगतो, पडदा कोण सरकवू शकतो हे सांगतो आणि जाता जाता पत्नीच्या मरणाचा आदेश आपण दिल्याचे सुचवून, खाली उतरताना, एका ब्राँझच्या मूर्तीकडे लक्ष वेधतो. परीक्षेत आपण ‘सरदाराचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न घालतो आणि अहंकारी, मत्सरी, क्रूर अशी विशेषणे गोळा करून गुण देतो. एक गोष्ट निसटते. सरदाराची अभिरुची उत्तम आहे. चित्र चांगले आहे, मूर्ती दुर्मीळ आहे, आणि त्याचे बोलणे रसिकाचे आहे. कवितेतली भीती नेमकी तिथून येते. त्याची रसिकता खोटी असती तर ही कविता एका ढोंगी माणसाची झाली असती. ती खरी आहे, आणि त्या खऱ्या रसिकतेच्या पडद्याआड एक मृत्यू ठेवायला जागा आहे. सरदारालाही विचारले असते तर तो म्हणाला असता, ही माझी वैयक्तिक आवड.

एक ब्राउनिंग पिस्तुले घडवत होता, दुसऱ्याने पिस्तुलांच्या शौकिनाचे मन त्याच्या आधी अर्धशतक लिहून ठेवले. नावांचा हा योगायोग आम्ही फार ताणणार नाही.

‘हे सगळे अमेरिकेचे दुखणे, आपण त्यातून मोकळे’ अशी समजूत मात्र मराठी वाचकाने करून घेऊ नये. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. जिल्हाधिकारी जॅक्सनच्या निरोपाचा तो प्रसंग. अनंत कान्हेरे याने तिथे जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून, लंडनहून गुप्तपणे आलेल्या पिस्तुलांपैकी एका. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. त्या कृत्याचे मूल्यमापन हा या लेखाचा विषय नाही. इतिहासकारांनी ते केले आहे आणि करत राहतील. आम्हाला दाखवायचे आहे ते आपल्या चरित्रवाङ्मयातले एक वळण. ‘ब्राउनिंग’ हे नाव तिथे ज्या चवीने उच्चारले जाते, ती चव कुठून येते? वाक्यात ‘पिस्तूल’ म्हणून भागले असते. पण ‘ब्राउनिंग’ म्हटले की वाक्याला धार येते, धातूचा थंड स्पर्श येतो, तरुणपणीच्या वाचनातला थरार येतो. इथेही एक जरतारी मूठ बसवलेली आहे, फक्त ती शब्दांची आहे. अठरा वर्षांचा मुलगा, खुर्चीतला माणूस आणि रंगमंचावर म्हाताऱ्याशी लग्न लावून दिली जाणारी मुलगी, या तिघांना एकाच दालनात पाहू शकणारे गद्य आपल्याकडे फार थोड्यांनी लिहिले.

याच घराण्यातले आणखी एक पिस्तूल आपल्याकडे आहे. १९२८ साली लाहोरला साँडर्सवर झाडलेले भगतसिंगांचे .३२ चे कोल्ट इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात कित्येक वर्षे इतर शस्त्रांच्या गर्दीत पडून होते. गंज चढू नये म्हणून त्यावर काळ्या रंगाचे थर दिलेले होते. २०१६ च्या सुमारास तो रंग खरवडून क्रमांक वाचला गेला, जुन्या नोंदींशी जुळवला गेला, आणि पुढे ते पंजाबात हुसैनीवाला येथे नेण्यात आले. संग्राहकाच्या हिशेबाने रंग फासलेले पिस्तूल म्हणजे मातीमोल. मूळ झिलई गेली की किंमत गेली. भांडारपालाने मात्र त्याला केवळ लोखंड समजून जपले होते. मूळ झिलईची पूजा करणाऱ्यांनी सांगावे की इथे मूळ काय आणि झिलई कोणती.

आता एक प्रामाणिक आक्षेप. पिस्तुलांचा शौकीन त्यातून माणसे मारत नाही. तो रविवारी कागदाच्या लक्ष्यावर पन्नास गोळ्या झाडतो, घरी येऊन तेल लावतो आणि मखमलीच्या पेटीत ठेवतो. बहुतेकांच्या बाबतीत हे खरे आहे, आणि त्यांना खुन्यांच्या रांगेत बसवणे हा नुसता उर्मटपणा होईल. अमेरिकेत २०२३ साली बंदुकीने सेहेचाळीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतली निम्म्याहून जास्त आत्महत्येने मेली. म्हणजे पुष्कळदा ते शस्त्र घरातलेच होते. त्यांत पेटीतली सुंदर पिस्तुले किती, हा हिशेब आम्ही मांडत नाही. कायदा कसा असावा हेही आम्ही सांगत नाही; ते त्या देशाने ठरवावे. आमचा प्रश्न अभिरुचीपुरता आहे, आणि तिथे तो टाळता येत नाही.

टाळता येत नाही याचे उदाहरण त्या यंत्राच्या पोटातच आहे. मूळ रचनेत एक उणीव होती. भरलेले पिस्तूल उंचावरून नळीच्या तोंडावर पडले तर आतली पिन स्वतःच्या जडत्वाने पुढे जाऊन काडतुसावर आपटू शकत असे. १९८३ साली कोल्टने ‘सीरीज ८०’ या नावाने सुधारणा आणली. चाप पूर्ण ओढल्याखेरीज पिनेची वाट अडवून धरणारा एक छोटा ठोकळा तिच्यात होता. शौकिनांचा फार मोठा वर्ग यावर आजतागायत नाराज आहे. कारण असे की या ठोकळ्याच्या जादा दांड्यांमुळे चापाच्या ओढीत किंचित खरखर येते. काचेची काडी मोडल्याचा तो भास पूर्वीइतका निर्मळ राहत नाही. म्हणून कित्येक नामवंत कारागीर तो ठोकळा घालतच नाहीत आणि जुन्या ‘सीरीज ७०’ची रचना हीच अस्सल मानली जाते. काहींनी मधला मार्ग काढला आहे: हलक्या धातूची पिन आणि तिला जड स्प्रिंग, म्हणजे ओढही निर्मळ आणि पडण्याची भीतीही कमी. हे करता येते. त्यासाठी वेगळी आवड लागत नाही, कोणाची तरी आठवण ठेवावी लागते.

तेव्हा सपाट पट्टी की फुगीर, अक्रोड की शिसव, वीस रेघा की तीस, यांवर कोणी आमच्याशी वाद घालायला आले तर आम्ही आनंदाने बसू; आमचे मत अक्रोडाच्या आणि वीस रेघांच्या बाजूने आहे, हेही सांगून टाकतो. पण त्याआधी एक गोष्ट विचारू. तुमचे पिस्तूल टेबलावरून फरशीवर पडले आणि शेजारच्या खोलीत मूल झोपलेले असले, तर आतली पिन कशाने अडते? तुम्ही ती सोय ठेवली आहे, की ओढीला निर्मळपणा यावा म्हणून काढली आहे?